घरच्या घरी चाळीस वर्षे

मुलांनो, परीक्षा जवळ आली की शाळेला अभ्यासाची सुट्टी लागते. सुट्टी लागण्यापूर्वी आपण मोठमोठे बेत करतो. कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा आखून वेळापत्रक तयार करतो आणि ते भिंतीवर चिकटवतो. पहिला दिवस छान जातो. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे येतात. तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ पेन्सिल मागायला चार वेळा येतो, अम्मी साखर आणायला दुकानात पाठवते, आणि परत आल्यावर पुस्तकाकडे पाहावेसेही वाटत नाही. शाळेत घंटा असते, वर्गात सर असतात, शेजारी मित्र बसलेला असतो. घरी यांपैकी कोणीच नसते. मग आपण स्वतःची समजूत घालतो, की आज मन लागत नाही. मन लागेल तेव्हा बसू.

आज मी तुम्हांला एका अशा माणसाची ओळख करून देणार आहे, ज्याने घरी बसून चाळीस वर्षे काम केले. त्याला नोकरी नव्हती. त्याच्यावर देखरेख करणारा साहेब नव्हता. हजेरीपट नव्हता, की पगार कापला जाण्याची भीती नव्हती. शिवाय तो नेहमी आजारी असे आणि त्याचे घर मुलांनी भरलेले होते. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. सजीवांच्या जाती काळाच्या ओघात कशा बदलत गेल्या, याविषयीचा त्याचा विचार तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचाल. तो समजावून सांगणे हे या पाठाचे काम नाही. ज्या खोलीत बसून त्याने ते काम केले, त्या खोलीत आपल्याला जायचे आहे.

तुम्हांला वाटेल, असा माणूस लहानपणापासूनच अभ्यासू असणार. तसे मुळीच नव्हते. चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी या गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. शाळेत ग्रीक आणि लॅटिन भाषा घोकाव्या लागत. त्यांत त्याचे मन रमत नसे. शिकार करणे, कुत्री पाळणे आणि उंदीर पकडणे याशिवाय या मुलाला काही सुचत नाही, हा घराण्याला बट्टा लावणार, असे वडील एकदा रागाने बोलले. ते बोलणे चार्ल्सच्या मनाला फार लागले. म्हातारपणीसुद्धा तो ते विसरला नव्हता.

वडिलांनी १८२५ मध्ये त्याला डॉक्टर होण्यासाठी एडिंबरा येथे पाठवले. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. एका लहान मुलावर शस्त्रक्रिया चाललेली पाहून चार्ल्स तेथून पळाला आणि पुन्हा कधी शस्त्रक्रियेच्या खोलीत गेला नाही. मात्र त्याच गावात जॉन एडमन्स्टन नावाच्या, गुलामीतून मुक्त झालेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाकडून तो मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते टिकवण्याची कला शिकला. पुढे धर्मोपदेशक होण्यासाठी त्याला केंब्रिजला धाडले. तेथेही पुस्तकांपेक्षा भुंगेरे गोळा करण्याचा त्याला नाद होता. एकदा झाडाची साल सोलताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. त्याने दोन्ही हातांत एकेक पकडला. तेवढ्यात तिसरा दिसला! आता काय करावे? त्याने उजव्या हातातला भुंगेरा चक्क तोंडात टाकला. भुंगेऱ्याने तोंडात असा जळजळीत रस सोडला, की चार्ल्सला तो थुंकून टाकावा लागला, आणि तिसराही हातचा गेला. ज्याला लॅटिनच्या धड्यात दहा मिनिटे बसवत नव्हते, तो भुंगेऱ्यांसाठी तासन्‌तास झाडाच्या साली सोलत उभा राही. मन लागत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा ते कशात लागते हे पाहण्याचे आपण बहुधा विसरतो.

वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याला बीगल नावाच्या जहाजावरून जगाच्या सफरीवर जाण्याची संधी मिळाली. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत आले. त्या सफरीची हकिकत फार मोठी आहे. ती तुम्ही स्वतंत्रपणे वाचा. आपल्या कामाची एकच गोष्ट सांगतो. जहाज लहान होते आणि माणसे पुष्कळ. डार्विनला काम करण्यासाठी नकाशे ठेवण्याच्या खोलीतील मेजाचा एक कोपरा मिळाला होता. तेथेच त्याचा झोपण्याचा झोळा टांगला जाई. वस्तू जागच्या जागी ठेवली नाही तर ती सापडत नसे. समुद्र लागल्यामुळे त्याला उलट्या होत आणि आडवे पडून राहावे लागे. मध्ये बरे वाटले, की तेवढ्या मिनिटांत काम उरकावे लागे. मिनिटांची काळजी घ्यावी, हा धडा आपण जहाजावर शिकलो, असे तो पुढे मुलांना सांगत असे. घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही म्हणून तुमच्यापैकी अनेक जण कष्टी होतात. डार्विनला व्यवस्थितपणा शिकवला तो जागेच्या टंचाईनेच.

सफरीवरून आल्यावर तो काही वर्षे लंडनमध्ये राहिला. १८३९ मध्ये एमा वेजवुड या मामेबहिणीशी त्याचा विवाह झाला. याच सुमारास त्याची प्रकृती बिघडली. पोटात कळा येत, उलट्या होत, डोके दुखे, पाहुण्यांशी अर्धा तास बोलले तरी रात्रभर झोप येत नसे. डॉक्टरांना त्याच्या आजाराचे नक्की निदान करता आले नाही आणि आजही त्यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. शहराची दगदग सोसवेना, म्हणून सप्टेंबर १८४२ मध्ये हे कुटुंब लंडनपासून सुमारे १६ मैलांवरील डाऊन या खेड्यात राहायला गेले. तेथील घराला डाऊन हाऊस म्हणतात. डार्विन मरेपर्यंत याच घरात राहिला.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. डार्विनला पोटासाठी काम करावे लागत नव्हते. वडिलांच्या संपत्तीमुळे तो सुखवस्तू होता. घरात नोकरचाकर होते. दहा मुले झाली, त्यांपैकी सात जगली. त्यांचे आजारपण, अभ्यास, पाहुणे हे सारे एमाने पाहिले. तेव्हा त्याची आणि आपली परिस्थिती सारखी नाही. पण दुसऱ्या बाजूने विचार करा. ज्याला खाण्यापिण्याची चिंता नाही, ज्याला कोणी जाब विचारणार नाही आणि ज्याच्याजवळ आजाराचे खरे कारण तयार आहे, तो माणूस आयुष्यभर कोचावर पडून राहिला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. म्हणूनच तो रोज खुर्चीत जाऊन बसला कसा, हे पाहण्यासारखे आहे.

आता त्याच्या खोलीत जाऊ. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शकाचे मेज आहे. शेकोटीजवळ एक उंच आरामखुर्ची आहे. तिच्या पायांना चाके बसवली आहेत, म्हणजे बसल्या बसल्या सरकता येते. खुर्चीच्या दोन हातांवर तो एक फळी आडवी ठेवी आणि तिच्यावर कागद ठेवून लिही. भिंतीला कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात एकेका विषयाची टिपणे. जाड पुस्तक हातात धरून बसायला त्रास होतो, म्हणून तो खुशाल त्याचे मधोमध दोन तुकडे करी! (आपल्या वाचनालयाच्या पुस्तकांवर हा प्रयोग कृपया करू नका.) एका कोपऱ्यात पडदा आहे. पडद्यामागे पाण्याचे भांडे. काम करता करता उलटी होऊ लागली तर तेथे जायचे, तोंड धुवायचे आणि परत यायचे. खिडकीबाहेर त्याने एक आरसाही लावून घेतला होता. दाराशी कोण पाहुणा आला, हे त्याला खुर्चीतूनच दिसे.

त्याचा दिवस कसा जाई? पहाटे उठून तो थोडे फिरून येई. पावणेआठला नाश्ता. आठ वाजता काम सुरू. आठ ते साडेनऊ हा त्याचा सर्वांत चांगला वेळ, आणि त्या वेळी तो दुसरे काहीही करीत नसे. साडेनऊला टपाल पाहायचे, कोचावर पडून एमाकडून पत्रे किंवा कादंबरी वाचून घ्यायची. साडेदहाला पुन्हा काम. दुपारी बारा-सव्वाबाराला तो उठे आणि आज आपले काम चांगले झाले, असे समाधानाने म्हणे. दुपारी पत्रांना उत्तरे, मग विश्रांती, साडेचार ते साडेपाच पुन्हा एक तास काम. बस्स. बेरीज करून पाहा. दिवसाचे सुमारे चार तास होतात.

मुलांनो, चार तास ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटले असेल. आपण वेळापत्रकात दहा-दहा तास लिहितो आणि प्रत्यक्षात दोन तासही बसत नाही. डार्विनला आपल्या शरीराची ताकद माहीत होती. जेवढे पेलेल तेवढेच त्याने रोजच्या ताटात वाढून घेतले. पण तेवढे मात्र तो रोज संपवी, रविवारीसुद्धा. आज मन लागते आहे का, हे त्याने स्वतःला विचारल्याचे दिसत नाही. आठ वाजले, की खुर्ची. तुम्ही उर्दूत ज्याला मुस्तकिल-मिजाजी म्हणता, त्याला मराठीत चिकाटी हा नेमका शब्द आहे. चिकटून राहतो तो चिकाटीचा. डोंगर उचलणाऱ्याला कोणी चिकाटीचा म्हणत नाही.

सकाळचे काम संपले, की तो बागेत जाई. घरामागे जमिनीचा एक लांबट तुकडा होता. डार्विनने १८४६ मध्ये तो शेजाऱ्याकडून भाड्याने घेतला, तेथे झाडे लावली आणि भोवती फिरण्यासाठी वाट तयार केली. तिला सँडवॉक, म्हणजे वाळूची वाट म्हणत. या वाटेवर ठरलेले फेरे घालायचे, असा त्याचा नेम होता. पण विचारात गढलेला माणूस फेरे मोजणार कसा? म्हणून वाटेच्या कडेला तो गारगोट्यांचा लहानसा ढीग ठेवी. एक फेरा झाला, की एक गारगोटी पायाने बाजूला सरकवायची. ढीग संपला, की फेरे संपले. मला ही गारगोटीची युक्ती फार आवडते. मोजण्याची जबाबदारी दगडांवर सोपवून त्याने आपले डोके विचारासाठी मोकळे ठेवले होते.

अशीच दुसरी युक्ती तपकिरीची. डार्विनला तपकीर ओढण्याची सवय होती आणि ती सुटत नव्हती. त्याने काय केले? तपकिरीची बरणी स्वतःच्या खोलीत न ठेवता बाहेरच्या दालनातील मेजावर ठेवली. चिमूटभर तपकिरीसाठी दर वेळी उठून जावे लागे, त्यामुळे आपोआप थोडा आळा बसे. बरणीच्या झाकणाचा आवाज झाला, की घरातील मुले ओळखत, अब्बा उठले! सवय काही पूर्णपणे गेली नाही, हेही सांगतो. पण मनाशी कुस्ती खेळत बसण्यापेक्षा वस्तूच चार पावले दूर ठेवणे सोपे, हे त्याला कळले होते. तुमच्या घरात ती वस्तू तपकीर नसेल, मोबाइल असेल.

आता मुलांविषयी. काम चालू असताना अब्बांकडे जायचे नाही, असा घरात दंडक होता. पण मुले ती मुलेच. दोरी हवी, कात्री हवी, पट्टी हवी, बोट कापले तर चिकटपट्टी हवी, आणि या सर्व वस्तू नेमक्या त्याच खोलीत! मुले पुन्हा पुन्हा जात. डार्विन रागावत नसे. फार झाले तर तो केविलवाण्या चेहऱ्याने विचारी, की आता पुन्हा न येता चालेल का? त्याचा एक मुलगा चार वर्षांचा असताना खोलीत आला आणि काम सोडून खेळायला चला, मी तुम्हांला सहा पेन्स देईन, अशी लाच त्याने वडिलांना देऊ केली. ते सारे लहानग्यांना इतके नेहमीचे झाले होते, की आपल्या वडिलांप्रमाणे सर्वच वडील घरी बसून तेच काम करतात असे त्यांना वाटे.

ते काम कोणते, तेही सांगतो, कारण खरी कसोटी तेथेच लागली. समुद्रकाठच्या खडकांना आणि होडीच्या तळाला चिकटून राहणारे बार्नकल नावाचे कवचाचे लहान प्राणी असतात. चिलीच्या किनाऱ्यावर डार्विनला टाचणीच्या टोकाएवढा एक विचित्र बार्नकल सापडला होता. ऑक्टोबर १८४६ मध्ये त्याने तो तपासायला घेतला. काही महिन्यांचे काम असेल असा त्याचा अंदाज होता. पण त्याची इतरांशी तुलना करावी लागली. इतरांविषयीची माहिती अपुरी निघाली. मग जगभरातून नमुने मागवले. महिन्यांची वर्षे झाली. एक, दोन, चार, आठ! १८५४ मध्ये ते काम संपले. चार ग्रंथ झाले. यांतील सुमारे दोन वर्षे आजारपणात गेली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. या काळात वडील वारले. १८५१ मध्ये ॲनी ही दहा वर्षांची लाडकी मुलगी गेली आणि ते दुःख त्याला जन्मभर पुरले.

या आठ वर्षांत त्याला कंटाळा आला नाही असे समजू नका. त्याला बार्नकलांचा इतका वीट आला होता, की त्यांचा एवढा तिरस्कार आजवर कोणी केला नसेल, असे त्याने मित्राला कळवले. एवढा वेळ घालवणे योग्य होते का, अशी शंकाही त्याने पुढे बोलून दाखवली. तेव्हा वीट येणे म्हणजे काम सोडण्याची आज्ञा नव्हे. वीट येत होता आणि आठ वाजता काम सुरूही होत होते. त्याच कामासाठी १८५३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे मानाचे पदक मिळाले. पण तेव्हा सात वर्षे उलटून गेली होती हे विसरू नका. सात वर्षे कोणी टाळी वाजवली नव्हती.

एकटा बसणारा माणूस एकाकी होतो, आणि एकाकी माणसाचा उत्साह लवकर विझतो. डार्विनने यावर उपाय केला तो पत्रांचा. त्याची आणि त्याला आलेली मिळून पंधरा हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. शास्त्रज्ञ, माळी, शेतकरी, परदेशातील अधिकारी, कोणालाही तो नम्रपणे प्रश्न विचारी. आपल्या कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात एडवर्ड ब्लाइथ नावाचे अभ्यासक होते; त्यांनी हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांची पुष्कळ माहिती त्याला पाठवली. आपल्याकडे जसा कबूतरबाजीचा शौक आहे, तसा तो लंडनमध्येही होता. डार्विनने स्वतः कबुतरे पाळली आणि तो कबूतरबाजांच्या मंडळात जाऊन बसू लागला. घरातील माणसांनाही त्याने कामात ओढले. बिया समुद्रावरून दूरच्या बेटांवर पोचत असतील का, हे पाहण्यासाठी त्याने खारट पाण्यात बिया भिजत घातल्या. हूकर नावाचा त्याचा मित्र वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याला वाटे, या बिया उगवणार नाहीत. मग काय, अब्बा जिंकतात की डॉक्टर हूकर, म्हणून मुले रोज कुंड्या पाहायला धावू लागली. एका प्रयोगात ८७ जातींच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात ठेवल्या होत्या. त्यांपैकी ६४ जातींच्या बिया उगवल्या.

रात्री जेवणानंतर तो एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव खेळे. फारसी-उर्दूत या खेळाला नर्द म्हणतात. दोनच डाव, जास्त नाहीत. आणि जय-पराजयाची नोंद वर्षानुवर्षे ठेवलेली! १८७६ मध्ये त्याने एका मित्राला मोठ्या अभिमानाने कळवले, की एमाने २,४९० डाव जिंकले आणि मी २,७९५. हरताना मात्र तो खोटे खोटे चिडे.

इतके सांगितल्यावर एक अवघड गोष्टही सांगायला हवी. ज्या विचारामुळे डार्विनचे नाव झाले, तो त्याने १८४२ मध्येच पेन्सिलीने लिहून काढला होता. १८४४ मध्ये त्याने तो २३० पानांपर्यंत वाढवला. मग ती पाने कपाटात गेली. आपण अचानक मेलो तर हे छापून घे आणि त्यासाठी ४०० पौंड खर्च कर, असे एमाला उद्देशून पत्र लिहून त्याने ते ठेवून दिले. त्यानंतरची कित्येक वर्षे बार्नकल, कबुतरे, बिया! पुरावे भक्कम हवेत म्हणून तो थांबला, असे काही अभ्यासक मानतात. लोकांच्या रोषाची त्याला धास्ती होती, असे काहींचे म्हणणे. मला वाटते, दोन्ही खरे असावे. रोज खुर्चीत बसणारा माणूससुद्धा सर्वांत अवघड काम टाळू शकतो आणि त्याच्या हातात दुसरे काम असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. गणिताचा धडा टाळण्यासाठी भूगोलाचे नकाशे रंगवत बसणारी मुले मी पाहिली आहेत.

जून १८५८ मध्ये एक जाड पाकीट डाऊन हाऊसमध्ये येऊन पडले. ते पाठवले होते आल्फ्रेड वॉलेस या तरुण संशोधकाने, पूर्वेकडील टर्नाटे बेटावरून. तापाने फणफणलेल्या अवस्थेत वॉलेसला जो विचार सुचला होता, तो थेट डार्विनच्या कपाटातलाच विचार होता! वीस वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या नावावर जाणार, असे डार्विनला वाटले. त्याच आठवड्यांत घरात साथीचा ताप शिरला आणि २८ जूनला त्याचे सर्वांत धाकटे बाळ दगावले. काय करावे ते डार्विनला सुचेना. आपण वॉलेसवर अन्याय करणार नाही ना, हीच त्याला चिंता. शेवटी हूकर आणि लायेल या मित्रांनी मार्ग काढला. १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीच्या सभेत दोघांचे लेख एकत्र वाचण्यात आले. डार्विन सभेला गेला नाही. तो आपल्या बाळाच्या दुःखात होता.

त्यानंतर मात्र त्याने टाळाटाळ केली नाही. कपाटातील टिपणे बाहेर निघाली. प्रकृती खराबच होती, तरी सुमारे तेरा महिन्यांत पुस्तक लिहून झाले. ते २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती होत्या आणि पहिल्याच दिवशी पुस्तकविक्रेत्यांनी त्या उचलल्या. जगभर खळबळ उडाली. वादविवाद झाले, चित्रे काढून टिंगल झाली. डार्विन वादाच्या सभांना फिरकला नाही. तो आपल्या खुर्चीत, आपल्या वेळी, आपले काम करीत राहिला.

पुढे तो इतका आजारी पडला, की खुर्चीतही बसवेना. तेव्हा त्याने वेल असलेली कुंडी झोपण्याच्या खोलीत ठेवून घेतली. वेलीचे तणावे आधार शोधत हळूहळू कसे गोल फिरतात, हे तो पलंगावरून पाही आणि टिपून ठेवी. त्यातूनही एक पुस्तक झाले.

त्याचे शेवटचे पुस्तक गांडुळांवर होते. डाऊनला राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १८४२ मध्ये, त्याने जवळच्या एका शेतावर पांढऱ्या चुनखडीचे तुकडे पसरून ठेवले होते. गांडुळे खालची माती वर आणून टाकतात, तेव्हा हे तुकडे किती वर्षांत किती खोल जातील, हे त्याला पाहायचे होते. त्याने वाट पाहिली. २९ वर्षे! नोव्हेंबर १८७१ मध्ये तेथे चर खणला, तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची ओळ सात इंच खाली दिसली. गांडुळांच्या कुंड्या त्याने आपल्या खोलीत आणून ठेवल्या. त्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी एमा पियानो वाजवी, मुलगा फ्रान्सिस बसून नावाचे मोठे वाद्य फुंकी आणि लहानगा नातू बर्नार्ड शिटी वाजवी. गांडुळांनी या मैफलीकडे लक्ष दिले नाही. मात्र कुंड्या पियानोवरच ठेवल्या, तेव्हा सूर लागताच ती बिळात शिरली. आवाज नव्हे, तर कंप त्यांना जाणवला होता. हे पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये निघाले. तेव्हा डार्विन ७२ वर्षांचा होता.

पुढच्या वर्षी त्याचे हृदय थकले. सँडवॉकवर जाणेही बंद झाले. १७ एप्रिल १८८२ रोजी फ्रान्सिस घरी नव्हता आणि त्याचा एक प्रयोग चालू होता. मुलाच्या गैरहजेरीत नोंद चुकू नये, म्हणून म्हाताऱ्या डार्विनने तो प्रयोग स्वतः पाहून लिहून ठेवला. दोन दिवसांनी, १९ एप्रिलला दुपारी, त्याच घरात तो वारला.